‘ओव्हरवेट’ लाल अक्षरात छापलं, खरी गोष्ट मात्र दुसऱ्या पानावर होती

प्रश्न : माझं वय ४२, उंची १५८ सेंमी, वजन ६९ किलो. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २७.६ आला आणि त्यापुढे लाल अक्षरात ‘ओव्हरवेट’. बाकी रिपोर्ट नॉर्मल आहे असं सांगितलं : उपाशीपोटी साखर १०४, बीपी १२८/८४, एचडीएल म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल ४१, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी १७८ (बॉर्डरलाइन). मला त्रास काहीच नाही. तरी घाबरून रात्रीचं जेवण बंद केलं. दहा दिवसांत सव्वादोन किलो उतरलं आणि पुढच्या आठवड्यात सगळं परत आलं. नवऱ्याचा बीएमआय २७.४ आहे (उंची १७६, वजन ८५). तो दहा वर्षं जिममध्ये वजनं उचलतो, पँट ३४ ची घालतो आणि म्हणतो, या आकड्याला काही अर्थ नाही. उलट माझा धाकटा भाऊ सडपातळ, बीएमआय २२.५, आणि त्याला मागच्या वर्षी डायबेटिस निघाला. मग हा आकडा मानायचा की नाही? नॉर्मलमध्ये यायला सात किलो कमी करावं लागेल, ते माझ्याच्यानं होईल असं वाटत नाही. शेवटचं : १३ वर्षांच्या मुलीचा बीएमआय त्याच कॅल्क्युलेटरवर २३ आला, ‘नॉर्मल’ दाखवतो. तिची काळजी नको ना?

उत्तर : ताई, लाल अक्षरातला शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा आणि ‘बाकी नॉर्मल’ म्हणून सोडून दिलेले आकडे परत वाचा. खरा मुद्दा तिथे आहे.

साखर आणि चरबी हाताळण्याची शरीराची व्यवस्था बिघडायला लागली की पाच खुणा दिसू लागतात. कमरेचा घेर वाढलेला. ट्रायग्लिसराइड १५० किंवा त्याहून जास्त. एचडीएल बायकांत ५० पेक्षा आणि पुरुषांत ४० पेक्षा कमी. बीपी वरचं १३० किंवा खालचं ८५, किंवा त्याच्या पुढे. उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. यातल्या कुठल्याही तीन खुणा एकत्र आल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. २००९ मध्ये अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून ही व्याख्या एकसारखी केली. तुमच्याकडे घेर मोजायच्या आधीच तीन खुणा जमा आहेत : साखर १०४, ट्रायग्लिसराइड १७८, एचडीएल ४१. बीपीची चौथी खूण उंबरठ्यावर उभी आहे, खालचा आकडा ८४ चा ८५ झाला की ती मोजली जाते.

मग कुणी काही बोललं का नाही? कारण प्रत्येक आकडा सुटा वाचला गेला. उपाशीपोटी साखरेची वरची मर्यादा जागतिक आरोग्य संघटना ११० धरते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ती २००३ मध्ये १०० वर आणली. लॅबने छापील रकान्यात ११० ठेवली असेल तर १०४ समोर चांदणी पडत नाही. एचडीएलचंही तसंच. रकान्यात ‘४० च्या वर’ एवढंच छापलेलं असलं तर ४१ सुखरूप सुटतं, वाचणारी व्यक्ती बाई आहे हे रकान्याला कळत नाही. ट्रायग्लिसराइड १५० ते १९९ असलं की ‘बॉर्डरलाइन’ छापतात आणि तो शब्द वाचून माणूस पान उलटतो. त्यात तुमच्या सख्ख्या भावाला डायबेटिस आहे, ही रिपोर्टात कुठेच नसलेली आणि तरी फार वजनदार माहिती आहे. घाबरण्याची वेळ नाही. पण ‘मला काहीच नाही’ असं म्हणून सोडण्याचीही नाही. या टप्प्यावर लक्षणं नसतातच, आणि उलटवता येण्याजोगं बरंचसं याच टप्प्यावर असतं.

आता बीएमआय. वजन किलोत, त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. तुमचं : १.५८ गुणिले १.५८ म्हणजे २.४९६, आणि ६९ भागिले २.४९६ म्हणजे २७.६. १८.५ ते २४.९ नॉर्मल, २५ ते २९.९ ओव्हरवेट, ३० पासून लठ्ठपणा, ही सर्वसाधारण वर्गवारी. हे गणित बेल्जियमचे खगोल आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी १८३२ मध्ये मांडलं. त्यांना आजार शोधायचा नव्हता, ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधायचं होतं. त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव अमेरिकन संशोधक अँसल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं, तेही मोठ्या लोकसमूहाची तुलना सोप्या साधनांनी करता यावी म्हणून. त्यामुळे हा आकडा हजार माणसांबद्दल चांगलं सांगतो, एका माणसाबद्दल अर्धवट. त्याला वजन कळतं. ते वजन स्नायूचं आहे, चरबीचं आहे की सुजेच्या पाण्याचं, आणि चरबी असलीच तर ती मांडीवर बसली आहे की यकृतात, हे कळत नाही.

शिवाय उंचीचा वर्ग होत असल्यामुळे उंचीतली छोटी चूक मोठी होते. समजा तुमची उंची बूट घालून मोजली आणि १६१ लिहिली गेली, तर त्याच वजनाला बीएमआय २६.६ येतो. एक पूर्ण आकडा फक्त बुटांनी खाल्ला. म्हणून उंची सकाळी मोजा, अनवाणी. टाचा, पार्श्वभाग आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर सरळ, आणि डोक्यावर जाड पुस्तक भिंतीला काटकोनात धरून. वयाबरोबर उंची कमी होते, हेही लक्षात असू द्या. विशीत मोजलेली उंची पन्नाशीत वापरली की बीएमआय खोटा कमी येतो.

तुमचे पती म्हणतात ते त्यांच्यापुरतं बरोबर असू शकतं, पण त्याचा पुरावा त्यांची पँट नव्हे. पँट पोटाच्या खाली बसते. पोट पुढे आलं तरी ती आणखी खाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. लेबलवरचे इंच आणि कापडाचे खरे इंच यांतही फरक असतो. घेर टेपनेच मोजायला हवा, दोघांचाही, आणि तो असा.

लघवीला जाऊन या. पोटावरचा कपडा वर करा आणि पावलांत थोडं अंतर ठेवून सरळ उभ्या राहा. कुशीत बोटांनी चाचपून सगळ्यात खालची बरगडी शोधा, मग खुब्याच्या हाडाची वरची कड शोधा, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा. बहुतेकांची ही खूण बेंबीच्या किंचित वर येते. टेप त्या खुणेवरून न्या, आरशात बघून मागे घसरलेला नाही याची खात्री करा. टेप अंगाला लागलेला हवा, पण कातडीत रुतलेला नको. नेहमीसारखा श्वास सोडून संपला की आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही, मुद्दाम फुगवायचंही नाही. दोनदा मोजा. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. सर्रास होणारी चूक म्हणजे टेप बेंबीच्या खाली, पँट जिथे बसते तिथे धरणं. त्याने पाच-सहा सेंमीचा फरक सहज पडतो.

दक्षिण आशियाई वंशाच्या बायकांसाठी ८० सेंमी आणि पुरुषांसाठी ९० सेंमी ही सावध होण्याची रेषा आहे. याहून सोपं माप म्हणजे घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. टेपही लागत नाही : आपल्या उंचीएवढी दोरी कापायची, मधोमध दुमडायची आणि कमरेभोवती न्यायची. टोकं जुळली तर ठीक, बोटभर अंतर राहिलं तर काम आहे. तुमचं निम्मं ७९ सेंमी, पतींचं ८८. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक सूचनांमध्ये २०२२ पासून हेच प्रमाण सुचवलेलं आहे : ०.५ ते ०.५९ म्हणजे धोका वाढलेला, ०.६ च्या पुढे जास्त. त्यांचा घेर खरोखर ८५-८६ निघाला, बीपी आणि रक्ताचे आकडे स्वच्छ असले, तर ८५ किलोतला मोठा वाटा स्नायूंचा आहे आणि त्यांच्या ‘ओव्हरवेट’ची चिंता करायचं कारण नाही. घेर ९६ निघाला तर जिमची दहा वर्षं त्याला झाकू शकत नाहीत.

कमरेला एवढं महत्त्व का, ते थोडं उलगडून सांगतो, कारण हे समजलं की भावाचं कोडंही सुटतं. जास्तीची ऊर्जा शरीर आधी कातडीखालच्या चरबीत साठवतं. मांड्या, नितंब, दंड. ही कोठारं तशी निरुपद्रवी. पण प्रत्येकाच्या कोठाराला मर्यादा असते आणि ती मोठ्या प्रमाणात जन्मजात असते. कोठार भरलं की चरबी जिथे जायला नको तिथे जाते : आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंत. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी फॅटी आम्लं रक्तवाहिनीने थेट यकृतात पोचतात. तुडुंब यकृत इन्सुलिनचं, म्हणजे साखर आवरणाऱ्या संप्रेरकाचं, ऐकेनासं होतं, रात्रभर साखर सोडत राहतं, म्हणून उपाशीपोटी १०४. तेच यकृत जादा चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात ढकलतं, म्हणून १७८. आणि ट्रायग्लिसराइड वाढलं की एचडीएलचे कण लवकर नष्ट होतात, म्हणून ४१. तीन वेगवेगळ्या रकान्यांतले तीन आकडे, पण गोष्ट एकच आहे.

तुमच्या भावाचं कोठार लहान असणार. ही गोष्ट २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका छायाचित्राने जगभर पोचली. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बीएमआय अगदी सारखा, शरीरं वेगळी. दक्षिण आशियाई माणसांत त्याच बीएमआयला स्नायू कमी आणि चरबी, विशेषतः पोटातली, जास्त असते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकसमूहांसाठी दोन जादा टप्पे सुचवले : २३ पासून धोका वाढलेला, २७.५ पासून जास्त. या मोजपट्टीवर तुमचा २७.६ ‘थोडं जास्त’ या पायरीवरून वरच्या पायरीवर जातो. आणि उलटही खरं : २२.५ पाहून ‘मी सुटलो’ असं कुणी समजू नये.

म्हणजे आकडा मानायचा का? मानायचा, पण दार वाजल्यासारखा. कोण आलंय ते दार उघडून बघावं लागतं. मोठ्या लोकसंख्येत बीएमआय आणि आयुर्मान यांचा संबंध नक्की आहे. कधीही धूम्रपान न केलेल्या आणि सुरुवातीला कुठलाही जुनाट आजार नसलेल्या लोकांचे अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये जे विश्लेषण झालं, त्यात मृत्यूचा धोका २० ते २५ या पट्ट्यात सगळ्यात कमी होता, २५ ते २७.५ मध्ये सुमारे ७ टक्क्यांनी जास्त आणि २७.५ ते ३० मध्ये सुमारे २० टक्क्यांनी जास्त. त्याआधी २०१३ मध्ये एका विश्लेषणाने ओव्हरवेट गटात मृत्यू थोडे कमी दाखवले होते आणि ‘थोडं वजन असलेलंच बरं’ अशी समजूत पसरली. त्यातली अडचण अशी की धूम्रपानाने आणि आतून पोखरणाऱ्या आजारांनी माणसं बारीक होतात. ती बारीक गटात मोजली गेली की जाड गट तुलनेने बरा दिसतो. टक्के ऐकून दचकू नका. तुमच्या वयाला मूळ धोकाच कमी असतो आणि कमी आकड्याचे २० टक्के कमीच असतात. तुमच्यासाठी जवळचा प्रश्न डायबेटिसचा आहे.

तज्ज्ञांचा कलही आता तिकडेच आहे. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालाने लठ्ठपणाचं निदान एकट्या बीएमआयवर करू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. घेरासारखं आणखी एक माप घ्या, आणि अवयवांच्या कामावर परिणाम झालाय का ते वेगळं तपासा.

तर दार उघडून काय बघायचं? पुढच्या महिनाभरात फॅमिली डॉक्टरांना भेटा आणि एवढं करून घ्या. उपाशीपोटी साखर पुन्हा, आणि सोबत एचबीएवनसी. हा मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब : ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ डायबेटिसपूर्व अवस्था, ६.५ पासून डायबेटिस. पाळीला रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन आधी बघा. लोहाच्या कमतरतेने एचबीएवनसी खोटं जास्त येऊ शकतं. शंका उरली तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर. त्यात १४० ते १९९ म्हणजे डायबेटिसपूर्व. यकृतासाठी एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट या रक्ततपासण्या. या तिन्हींवरून आणि वयावरून एफआयबी-४ नावाचा आकडा निघतो, तो १.३ च्या खाली असेल तर यकृतात घट्ट चट्टे पडल्याची शक्यता कमी. थायरॉइडसाठी टीएसएच एकदा बघून घ्या, पण सगळं वजन थायरॉइडवर ढकलायची घाई नको. थायरॉइड मंदावल्याने वाढणारं वजन सहसा थोडंच असतं आणि त्यातलं बरंचसं पाणी. उपाशीपोटी इन्सुलिन मोजायचा आग्रह कुणी केला तर गरज नाही, त्याने पुढची पावलं बदलत नाहीत.

बीपी घरी मोजा, आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, मिनिटभराच्या अंतराने दोनदा. घरची सरासरी १३५/८५ च्या वर गेली तर तो उच्च रक्तदाब धरतात. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल तर बीपी खोटं जास्त येतं, ही चूक थोराड दंडांच्या बाबतीत नेहमी होते.

डॉक्टरांना चार गोष्टी आपणहून सांगा, त्या विचारायच्या राहून जातात. रात्री मोठं घोरणं, मध्येच श्वास थांबणं आणि दिवसा डुलक्या येणं. पाळी अनियमित असणं. गरोदरपणात साखर वाढली होती का. आणि चालू औषधं : स्टेरॉइड, व्हॅलप्रोएट, ओलान्झापीन, मिर्टाझापीन, अमिट्रिप्टिलीन अशा काही औषधांनी वजन वाढतं. ती स्वतःहून बंद करू नका, पर्याय आहे का ते विचारा.

आता तुमचे सात किलो. ते लक्ष्य आपण बदलू या.

अमेरिकेतल्या डायबेटिस प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत, २००२ मध्ये निष्कर्ष आले त्यात, साखर काठावर असलेल्या लोकांना दोन गोष्टी दिल्या होत्या : वजन ७ टक्के कमी करा आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करा. तीन वर्षांच्या आत डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. डायबेटिसच्या मेटफॉर्मिन गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं. पुढच्या विश्लेषणात दिसलं की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे धोका सुमारे १६ टक्क्यांनी कमी होत होता. त्या लोकांचा सरासरी बीएमआय ३४ होता, तुमच्यापेक्षा बराच जास्त, हे खरं. पण २००६ च्या भारतीय चाचणीत सरासरी बीएमआय २६ च्या आसपास होता. तिथे वजन फारसं न हलताही, चालणं आणि आहार सुधारल्याने प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. काटा अडून बसला म्हणून चालणं सोडू नये, याचं याहून चांगलं कारण आमच्याकडे नाही.

तुमचे ५ टक्के म्हणजे साडेतीन किलो, ७ टक्के म्हणजे पावणेपाच. पहिला मुक्काम ६५.५, दुसरा ६४ च्या जवळ. यकृतातली चरबी ५ टक्क्यांपासूनच उतरू लागते, कारण शरीर ती जागा लवकर रिकामी करतं. गुडघ्यांनाही फरक कळतो : गुडघेदुखी असलेल्यांच्या अभ्यासात उतरलेल्या एका किलोमागे प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी झाला होता. आणि हे आधीच सांगून ठेवतो, ६४ किलोला तुमचा बीएमआय २५.६ येईल. पुढच्या वर्षीच्या रिपोर्टवर लाल अक्षरात पुन्हा ‘ओव्हरवेट’ छापून येईल. तेव्हा पान उलटा आणि साखर, ट्रायग्लिसराइड बघा.

सव्वादोन किलो गेलं आणि आलं, त्यात तुमची चूक नाही. यकृतात आणि स्नायूंत मिळून सुमारे चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतो आणि एका ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी. जेवण अचानक तोडलं की हा साठा उपसला जातो आणि पाणी लघवीवाटे जातं. काटा दीड-दोन किलो खाली. नीट जेवायला लागलं की साठा भरतो, पाणी परत येतं. चरबी यात फार तर अर्धा किलो हलली असेल. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. दिवसाला ५०० ची तूट ठेवली तर आठवड्याला अर्धा किलो, तेही सुरुवातीला. पुढे वजन कमी होईल तसा शरीराचा खर्चही घटतो आणि वेग मंदावतो. म्हणून साडेतीन किलोंना तीन-चार महिने धरा.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच कपड्यांत करा आणि आठवड्याची सरासरी लिहा, रोजचा आकडा नाही. पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी साठतं, तो आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडा. पायातून वीज सोडून चरबीचे टक्के सांगणाऱ्या काट्यांवर फार विसंबू नका. पाणी प्यायलं, घाम गेला, की त्यांचे टक्के बदलतात.

५०० कॅलरी कुठून काढायच्या? अख्खं जेवण तोडून नको. तेलापासून सुरुवात करा, कारण ते दिसत नाही. मोठा चमचा, १५ मिली, म्हणजे सुमारे १२० कॅलरी. बाटलीतून ओतायचं बंद करा, चमच्याने मोजून घाला. घरात एका माणसामागे महिन्याला लिटरभर तेल संपत असेल तर रोजच्या जवळपास २७० कॅलरी फक्त तेलातून येतात. ते निम्म्यावर आणलं तर १३५ सुटल्या. दुसरं, साखर घातलेली आणि फळांच्या रसाची पेयं. द्रव कॅलरींनी पोट भरत नाही आणि साखरेतल्या फ्रुक्टोजचं यकृत थेट चरबीत रूपांतर करू शकतं. तुमचं ट्रायग्लिसराइड १७८ आहे, तुमच्यासाठी हा कप सगळ्यात आधी खाली ठेवायचा. मद्य घेत असाल तर तेही याच यादीत. तिसरं, ताटाचा क्रम : निम्म्या ताटात भाजी, पाव भागात प्रथिनं, पाव भागात धान्य.

प्रथिनांवर जरा थांबतो. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातो. प्रथिनं कमी असली आणि व्यायाम नसला तर तो जास्त जातो, आणि स्नायू हेच साखर खपवणारं सगळ्यात मोठं ठिकाण. म्हणजे उपाशी राहून सात किलो उतरवले आणि त्यात दोन किलो स्नायू गेला, तर बीएमआय सुधारेल आणि साखर हवी तितकी सुधारणार नाही. रोज ७० ते ८० ग्रॅम प्रथिनं तीन जेवणांत विभागून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आठवड्याला १५० मिनिटं चाला, अशा वेगाने की बोलता येईल पण गाता येणार नाही. अर्ध्या तासाला जेमतेम दीडशे कॅलरी जातात, त्यामुळे नुसतं चालून वजन फार उतरत नाही. फायदा दुसरीकडे आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर आत ओढतो. म्हणून प्रत्येक जेवणानंतरची १०-१५ मिनिटं वेगळी मौल्यवान. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दहा दंड, पायरीवर दहा चढउतार, याच्या तीन फेऱ्या. शेवटचे दोन जड जायला हवेत, सोपे गेले तर व्यायामाचा भार वाढवा. यात तुमच्या पतींची दहा वर्षं कामी येतील.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. सेमाग्लुटाइडसारखी औषधं परिणामकारक आहेत. सर्वसाधारणपणे बीएमआय ३० च्या पुढे, किंवा २७ च्या पुढे आणि वजनाशी निगडित आजार असेल तर ती देतात. तुम्ही कागदावर कदाचित बसाल. तरी आधी सहा महिने वरचा रस्ता धरा. औषध थांबवल्यावर एका चाचणीत उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं होतं, म्हणजे ते सुरू करणं हा लांब पल्ल्याचा निर्णय आहे. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, ट्रायग्लिसराइड आणि घेर पुन्हा मोजा. साखर वर सरकताना दिसली तर मेटफॉर्मिनबद्दल डॉक्टरांशी बोला. मध्येच खूप तहान, वारंवार लघवी किंवा प्रयत्न न करता वजन उतरणं सुरू झालं तर तीन महिने थांबू नका.

आणि मुलगी. मोठ्यांची वर्गवारी तिला लावायचीच नाही. वाढत्या वयात बीएमआय दरवर्षी बदलतो, म्हणून १९ वर्षांपर्यंत तो वय आणि लिंगानुसारच्या आलेखावर बघतात. त्या आलेखावर १३ वर्षांच्या मुलीचा २३ हा ओव्हरवेटच्या रेषेच्या वर पडतो, ‘नॉर्मल’मध्ये नाही. पण एका बिंदूवरून काही ठरत नाही. शाळेत किंवा लसींच्या वेळी झालेल्या उंची-वजनाच्या जुन्या नोंदी शोधा आणि बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ती पहिल्यापासून याच रेषेला धरून वाढते आहे, की गेल्या दोन वर्षांत रेषा ओलांडून वर चढली आहे, हे त्यांना त्यावरून कळेल. तिच्या मानेच्या मागची आणि काखेतली कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी झाली आहे का तेही बघा. घासून निघत नाही म्हणून आया ती साबणाने रगडतात, पण तो मळ नसतो, रक्तात इन्सुलिन वाढल्याची ती खूण असते आणि डॉक्टरांना दाखवायला हवी. तिचं जेवण तोडू नका. या वयात उंची वाढत असते, वजन आहे तिथे टिकलं तरी बीएमआय आपोआप खाली येतो. काटा तिच्या खोलीत नको. तेल, पेयं आणि जेवणानंतरचं चालणं तुम्ही घरात सगळ्यांसाठी बदलणारच आहात, तिच्यासाठी वेगळं काही मांडू नका.